अर्ध्या दरातलं चार्जिंग

शनिवारी संध्याकाळी मी गाडी चार्ज केली नाही. माझा अपराध म्हणाल तर एवढाच. पुढचं सगळं रामायण त्या एका न केलेल्या कामातून झालं. आणि ते काम मी आळसाने टाळलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. हुशारीने टाळलं होतं. (आळसाने टाळलं असतं तर निदान विश्रांती तरी मिळाली असती.)

मी नगरच्या एका शिक्षणसंस्थेच्या कचेरीत हेडक्लार्क आहे. (आता अहिल्यानगर म्हणायचं. कागदावर मी बिनचूक लिहितो, तोंडातून मात्र अजून नगरच निघतं.) पेट्रोलच्या भावाला वैतागून विजेची गाडी घेतली, तेव्हा वाटलं होतं, मोबाईल लावतो तशी पार्किंगमध्ये गाडी लावायची की झालं. पण सोसायटीच्या सेक्रेटरींनी सॉकेट द्यायला साफ नकार दिला. "आज तुम्ही गाडी लावाल, उद्या कोणी पिठाची गिरणी लावेल," असं त्यांचं म्हणणं. माझ्याकडे गिरणी नाही हे मी लेखी कळवलं, तरी उपयोग झाला नाही.

तेव्हापासून मी सार्वजनिक चार्जिंगच्या आधाराने जगतो. आणि खरं सांगायचं तर मला त्याचा नादच लागला. कुठल्या चार्जरचा दर काय, कुठे कुठल्या वेळी सूट मिळते, कुठल्या वॉलेटमध्ये पैसे भरले की वर थोडे फुकट मिळतात, हे मला तोंडपाठ आहे. भाजीवालीकडून मूठभर कोथिंबीर फुकट घेतल्यावर माझ्या बायकोच्या, सुनीतीच्या, चेहऱ्यावर जे समाधान दिसतं, तेच सवलतीच्या दरात गाडी भरल्यावर माझ्या चेहऱ्यावर दिसतं. ती मात्र माझ्याकडे बघून मान हलवते.

तर शनिवारी ॲपवर निरोप आला: रविवारी सकाळी नऊपर्यंत राहुरीच्या चार्जरवर अर्धा दर! आणि रविवारी आम्हाला राहुरीवरूनच जायचं होतं. इतका योग कुठल्या पंचांगातसुद्धा सापडत नाही. नगरला पूर्ण दराने गाडी कशाला भरायची? राहुरीपर्यंत पुरेल एवढी बॅटरी होतीच.

आता रविवारी कुठे जायचं होतं ते सांगतो, म्हणजे प्रकरणाचं गांभीर्य कळेल. बेलापूरला माझ्या सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. सासरे म्हणजे नाना. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेले, आणि अजूनही समोरच्याला फळ्यापाशी उभं केल्यासारखं बोलणारे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते नगरला आमच्याकडे आले होते. तेव्हा ज्यांना ओवाळायचं ते उत्सवमूर्ती माझ्या ताब्यात, आणि ओवाळणारे सगळे बेलापुरात. गुरुजींनी बजावलं होतं, औक्षण बाराच्या आत व्हायला हवं, कारण त्यांना पुढे श्रीरामपूरला वास्तुशांत होती.

माझा मेहुणा अनिमेष म्हणाला होता, "भाऊजी, मी जीप घेऊन नगरला येतो. नानांना उगाच त्रास नको."

"जीप?" मी म्हणालो. "डिझेल जाळत? अरे, चहाच्या पैशात आणून सोडतो नानांना."

हे वाक्य मी स्पीकरवर बोललो होतो. नाना शेजारीच बसले होते.

"चहा कितीचा धरलाय, यज्ञेश्वरराव?" त्यांनी विचारलं.

माझ्या गाडीवर नानांचा विश्वास नव्हता. दोन आठवडे ते तिला 'डबडं' म्हणत होते. आवाज नाही, धूर नाही, समोरचं झाकण उघडलं तर आत इंजिन नाही. "यात आहे तरी काय?" असं ते विचारत, आणि मी समजावून सांगितलं की "म्हणजे नाहीच म्हणा की," असं म्हणत. म्हणून मला रविवारी त्यांना दाखवून द्यायचं होतं. कुरकुर न करता, वेळेवर आणि स्वस्तात. तिन्ही एकदम.

त्यांचं मन जिंकायला मी सकाळी निघण्याआधी गाडीची साग्रसंगीत पूजाही केली. चाकांना हळदकुंकू, समोर हार, चाकाखाली लिंबं. चार्जिंगच्या झाकणालाही बाहेरून कुंकवाचं बोट लावलं. नाना रेशमी धोतर, उपरणं आणि डोक्यावर पगडी अशा थाटात काठी टेकून उभे होते.

"आमच्याकडे नवा बैल दावणीला आला," ते म्हणाले, "की वडील आधी त्याला गूळ भरवायचे. मग कुंकू."

"हो का, वा," मी म्हणालो आणि विसरलेला चष्मा आणायला वर पळालो. खाली आलो तेव्हा नाना गाडीत बसले होते, सुनीती मागच्या सीटवर वातींचा डबा मांडीवर घेऊन बसली होती (ओवाळायच्या दिव्यांसाठी तिने महिनाभर वाती वळल्या होत्या), आणि आम्ही निघालो.

राहुरीला पोचलो तेव्हा नऊ वाजायला भरपूर अवकाश होता. दोन चार्जर होते. एकाला सहादेव नावाच्या गृहस्थांचा विजेवरचा दुधाचा टेम्पो लागला होता, दुसरा मोकळा. मी ॲप उघडलं, ऐटीत गन उचलली (चार्जिंगच्या जाड वायरच्या टोकाला जो दांडा असतो त्याला गनच म्हणतात), गाडीकडे न बघताच आत खुपसली आणि नानांकडे बघून म्हणालो, "आता बघा."

नानांनी बघितलं. चार्जरवर लाल दिवा लागला. 'जोडणी अयशस्वी.'

पुन्हा लावली. पुन्हा लाल. इथे एक व्यवहार समजून घ्या. गन लावली की कंपनी आपल्या वॉलेटमधले तीनशे रुपये अनामत म्हणून अडकवून ठेवते. चार्जिंग झालं की हिशेब करून उरलेले लगेच परत. झालंच नाही तर सात दिवसांनी परत. मी गन जितक्या वेळा लावत होतो, तितक्या वेळा माझे तीनशे रुपये आत जाऊन बसत होते. शेवटी वॉलेट रिकामं झालं, तेव्हा मी त्यात नवे पैसे भरले. (वर मिळणारे थोडे फुकट पैसे मिळाले, हे समाधान होतंच.)

सहादेव शांतपणे बघत होते. "घेत न्हाई का सायेब?"

"मशीन खराब आहे," मी म्हणालो.

"मग हिकडं लावा की. माझं झालंच हाय." त्यांनी त्यांची गन काढून माझ्या हातात दिली. आत्ता मिनिटापूर्वी ती टेम्पोला व्यवस्थित चालत होती. माझ्या गाडीला लावली. लाल.

"हेही खराब झालं," मी म्हणालो.

सहादेवांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. "माझा टेम्पो बगा, कसा गटागटा पेला. तुमच्या गाडीनंच त्वांड मिटलंय. सकाळपास्नं काय खाल्लंबिल्लंय का तिनं? पोट भरल्यालं जनावर वैरनीला त्वांड लावत न्हाई."

मी हसलो. नाना एकदम खोकले आणि पगडी सारखी करू लागले.

मागून सुनीती म्हणाली, "अहो, मला वाटतं, त्या झाकणाच्या आतच काहीतरी..."

"सुनीती," मी म्हणालो, "ही टेक्नॉलॉजी आहे. यातलं तुला काही कळत नाही. तू आत बस."

ती बसली. मी ग्राहक सेवेला फोन लावला. बराच वेळ सनई ऐकवल्यावर एक गोड आवाज आला. "सर, आपण गन काढून पुन्हा लावाल का?"

"लावली."

"सर, आता परत काढून परत लावाल का?"

एवढ्यात नऊ वाजले. अर्धा दर संपला. आता चार्जर सुरू झाला असता तरी मला दुःखच झालं असतं.

अनिमेषचा फोन आला. "भाऊजी, कुठपर्यंत आलात? जीप पाठवू का?"

"काही गरज नाही," मी म्हणालो. "आलोच आम्ही."

(या फोनच्या वेळी मी जीप मागवली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती, आणि तुमचाही वेळ वाचला असता.)

पुढे साखर कारखान्याच्या अलीकडे एका हॉटेलच्या आवारात दुसऱ्या कंपनीचा चार्जर आहे, हे मला माहीत होतं. उरलेली बॅटरी पुरावी म्हणून मी एसी बंद केला. खिडक्याही लावून घेतल्या, कारण खिडकी उघडी असली की वाऱ्याचा अडथळा होऊन वीज जास्त खर्च होते, असं मी वाचलं होतं.

"आणि आत माणूस शिजला की कमी होते का?" नानांनी विचारलं. रेशमी उपरणं त्यांच्या खांद्याला चिकटलं होतं.

दुसरी कंपनी म्हणजे दुसरं ॲप. ते उतरवा, नाव घाला, ओटीपी घाला, वॉलेटमध्ये किमान पाचशे भरा. भरले. तेवढ्यात हॉटेलचे मालक आले. "चार्जिंग फकस्त गिऱ्हाइकाला हाय. आदी काईतरी घ्या."

नानांना औक्षणाआधी काही खायचं नव्हतं. सुनीतीचा उपवास होता. चार्जरचा हक्क मिळवायला मी एकट्याने दोन प्लेट मिसळ संपवली. कानांतून वाफा काढत बाहेर आलो, गन लावली. लाल.

"अहो," सुनीतीने काच खाली केली, "एकदा माझं ऐकता का? नानांनी सकाळी..."

"नानांना म्हणावं काळजी करू नका," मी म्हणालो. "या राहुरी पट्ट्यातच विजेचा काहीतरी घोटाळा आहे. कोल्हारला तिसऱ्या कंपनीचा आहे."

सुनीतीने काच वर केली. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. मला वाटलं, उकाड्याने.

कोल्हारकडे जाताना गाडीने पडद्यावर एक चित्र काढलं. बॅटरी तळाला गेली की आमची गाडी कासव दाखवते आणि कासवासारखीच चालते. आम्हाला उसाचे ट्रॅक्टर मागे टाकू लागले. मग एक सायकल.

"हे कासव कशासाठी?" नानांनी विचारलं.

"शर्यत शेवटी कासवच जिंकतं, नाना."

"सशाला झोप लागली तर," नाना म्हणाले. "गुरुजी जागे आहेत."

त्या वेळी पहिल्यांदा मी शेजारी नीट बघितलं. गाडीत बसलेला हा माणूस एक्क्याऐंशी वर्षांचा होता. त्याला ओवाळायला बेलापुरात लेकी, सुना, नातवंडं, त्याचे टक्कल पडलेले विद्यार्थी तबकं घेऊन उभे होते. असा दिवस आयुष्यात एकदाच येतो आणि तो मी अर्ध्या दराच्या नादात रस्त्यावर घालवत होतो. मला मनापासून लाज वाटली. पुलापाशी मी मुकाट्याने अनिमेषला फोन केला आणि म्हणालो, "पाठव बाबा जीप."

"जीप आत्याला आणायला गेली की, भाऊजी! तुम्हीच म्हणालात ना, आलोच म्हणून."

कोल्हारच्या चार्जरपर्यंत गाडी कशीबशी पोचली. तिसरं ॲप, तिसरा ओटीपी, तिसरं वॉलेट. गन लावली. लाल.

मी गाडीला टेकून खाली बसलो. अगदी जमिनीवर, झब्ब्यासकट. इतक्यात माझ्या मनगटाला काहीतरी चावलं. बघतो तर मुंगी. तिच्यामागे आणखी एक. त्यांच्यामागे शिस्तीत चाललेली लांबलचक रांग. रांग टायरवरून वर चढत होती, उघड्या झाकणावरच्या कुंकवाच्या बोटाला वळसा घालून गनशेजारच्या फटीतून आत जात होती. आतून काही मुंग्या तोंडात पिवळसर कण घेऊन परतही येत होत्या. सकाळपासून ज्या जागेतून माझ्या गाडीत काही जात नव्हतं, तिथे मुंग्यांची ये-जा मात्र सुरळीत चालली होती.

मी गन काढून आत वाकून बघितलं. खळग्यात गूळ होता. चांगला सुपारीएवढा खडा असणार. उन्हाने पातळ होऊन, माझ्याच गनने पुन्हा पुन्हा ठेचला जाऊन, तो सगळ्या भोकांत बसला होता. वर चार अक्षता.

"गूळ!" मी ओरडलो. "गाडीच्या तोंडात गूळ कोणी घातला?"

सुनीती खाली उतरली. तिने गुळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पूजा कोणी केली होती?" तिने हळूच विचारलं.

"मी केली. पण गूळ मी..."

आणि माझं लक्ष नानांकडे गेलं. ते काचेतून पलीकडचा ऊस बघत होते. फार लक्ष देऊन बघत होते. उजव्या हाताची बोटं उपरण्याच्या टोकाला पुसत होते. शाळेत खिडकीची काच फोडलेलं पोर मास्तर आत आल्यावर जसं बसतं, तसे ते बसले होते. मला बैल आठवला. दावणीला आलेला नवा बैल. मी चष्मा आणायला वर गेलो होतो आणि ते गाडीपाशी एकटे होते.

खरं म्हणजे मला राग यायला हवा होता. तीन वॉलेटं, दोन मिसळी आणि एक अख्खी सकाळ. पण भलतंच झालं, मला भरून आलं. दोन आठवडे जिला डबडं म्हणून हिणवलं, तिला या माणसाने माझ्या पाठीमागे गूळ भरवला होता. आपल्या वडिलांनी बैलाला भरवला तसा. म्हणजे गाडी दावणीला बांधून घेतली होती. आणि आज त्यांचा दिवस होता.

"मीच घातला," मी म्हणालो. "म्हटलं, जरा तोंड गोड करावं तिचं."

नानांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्यांचे खांदे सैल झाले. सुनीती हसली. मला वाटलं, माझ्या मूर्खपणाला हसली.

मग गाडी पूर्ण बंद करून आम्ही सफाईला लागलो. हाताशी साधन काय? वातींचा डबा. महिनाभर वळलेल्या वाती सॅनिटायझरमध्ये बुडवून सुनीती एकेक भोक साफ करत होती आणि मी मुंग्यांना हाकलत होतो. अर्ध्याच्या वर वाती गेल्या. मग जरा वाळू दिलं आणि श्वास रोखून गन लावली. टक् असा आवाज झाला, आणि दिवा हिरवा झाला!

"किती?" नानांनी विचारलं.

"वीस मिनिटं, नाना."

"दर विचारला मी."

तो गर्दीच्या वेळेचा जादा दर होता. मी न ऐकल्यासारखं केलं.

बेलापूरला पोचलो तेव्हा गुरुजी एक पाय चपलेत घालून उभे होते. तो त्यांनी परत बाहेर काढला. बायकांनी भराभरा कापूस घेऊन कमी पडलेल्या वाती वळल्या, आणि बाराच्या आत नानांसमोर दिव्यांची तबकं फिरू लागली. त्या उजेडात नाना इतके सुंदर दिसत होते की मला माझे पैसे आठवले नाहीत. (आठवले, पण थोड्या वेळाने.)

औक्षणानंतर नाना दोन शब्द बोलायला उभे राहिले. आईवडिलांचे आभार मानून झाले, शाळेचे झाले, डॉक्टरांचे झाले. मग ते थांबले आणि माझ्याकडे हात करून म्हणाले, "आज मी इथे उभा आहे तो आमच्या जावईबापूंमुळे."

मी नम्रपणे खाली बघितलं. गुळाचा आळ मी अंगावर घेतला, त्याचेच हे आभार असावेत, असं मला वाटलं.

"आणि उशिरा उभा आहे, तोही त्यांच्यामुळेच," नाना म्हणाले. "यांनी आज सकाळी आपल्या विजेच्या गाडीच्या तोंडात गुळाचा खडा घातला. हो, गूळ! पदवीधर माणूस आहे. आणि मग गाडी वीज का घेत नाही म्हणून राहुरी, कारखाना, कोल्हार अशी तिची धिंड काढली..."

मंडप कोसळायचा बाकी राहिला. नानांनी मुंग्यासुद्धा सोडल्या नाहीत. मिसळीचा मजकूर तर त्यांनी दोनदा सांगितला, कारण मागच्यांना नीट ऐकू आला नव्हता. गुरुजी डोळे पुसत होते. आत्याबाईंनी मला जवळ बोलावून विचारलं, "का रे बाबा, मीटरला लाडू बिडू देतोस का?" मी हसत होतो. दुसरं करणार काय? कबुली मीच दिली होती.

परतीच्या वाटेवर गाडीत आम्ही दोघंच होतो. राहुरी जवळ आली तेव्हा मला राहवेना. "सुनीती," मी म्हणालो, "तुला म्हणून सांगतो. तो गूळ मी घातला नव्हता."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"नानांनी सकाळी माझ्याकडूनच मागून घेतला. गाडीला भरवतो म्हणाले. मला वाटलं, गंमत करताहेत."

मी गाडी कडेला घेतली. "मग राहुरीलाच का नाही बोललीस?"

"बोलायला लागले होते. तुम्ही म्हणालात, यातलं तुला काही कळत नाही, आत बस. कारखान्यापाशी पण सांगत होते. तुम्ही म्हणालात, घोटाळा विजेचा आहे."

मी गाडी पुन्हा सुरू केली. थोडं अंतर गेल्यावर सुनीतीने पायाशी ठेवलेली एक पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"हे नानांनी निघताना दिलंय," ती म्हणाली. "गुळाची ढेप आहे. आणि जावयांना निरोप सांगितलाय, हा माणसांनी खायचा असतो म्हणावं."